आखाजीला उभं राहायचं

आमच्या टेंभेखेडीला नदी एकच, गोमाई. आणि शत्रूही एकच, पलीकडच्या काठावरची सावळखेडी. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ही दोन गावं एकमेकांना बैल देतात, विरजण देतात, मुली देतात. उरतो तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. त्या दिवशी ऊन कललं की दोन्ही गावच्या बायका कोरड्या नदीत समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालतात. याला भांडण म्हणू नये, हा सण आहे. भांडण असतं तर पुरुषांना मध्ये पडता आलं असतं.

नियम थोडे आहेत. वाळूत काठीने रेघ मारायची. दोन्ही बाजूंना एकेक म्होरकी. ती शिवी देणार, बाकीच्या ओरडून तिला जोर देणार. मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, आजारी लेकराचंही नाही. शिवी उभ्यानेच द्यायची. जी म्होरकी आधी खाली बसेल किंवा पाठ फिरवेल तिचं गाव हरलं, आणि मग वर्षभर शहाद्याच्या बाजारात त्या गावच्या बाईने भावात घासाघीस करायची नाही. एवढी मोठी शिक्षा इंग्रज सरकारनेही कुणाला दिली नसेल.

आमची म्होरकी धनुबाई. एकवीस वर्षं तीच. तिच्या तोंडून कधी घाण शब्द आला नाही, त्याची तिला गरजच पडली नाही. ‘तुन्ह्या चुलीमा मांजर बाळंत व्हवो,’ ती शांतपणे म्हणायची. ‘तुन्ह्या भाकरले जन्मभर पापुद्रा न येवो.’ एका वर्षी तिने ‘तुन्हा जवाई तुन्ह्या घर कायमना ऱ्हावाले येवो’ अशी शिवी दिली, तेव्हा पलीकडच्या चार बायका रडू लागल्या. त्यातल्या दोघींचा जावई आधीच येऊन राहिला होता.

पलीकडची म्होरकी कौसाबाई. धनुबाईपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, आवाज कांस्याच्या थाळीसारखा. या दोघी एकवीस आखाज्या समोरासमोर उभ्या राहिल्या. धनुबाई तीनदा हरली, त्यातल्या एकदा गारा पडल्या होत्या, तेव्हा ती हार आम्ही धरत नाही.

एवढं सांगून आता मुंग्यांकडे वळतो.

एका पावसाळ्यात धनुबाईला तहान लागली आणि ती जाईना. साठी ओलांडलेली बाई घागर तोंडाला लावून पाणी पिऊ लागली आणि दिवसातून वीस वेळा परसात जाऊ लागली. थोरल्या सुनेने, शांतीबाईने, एक दिवस पाहिलं की परसात सासू जिथे बसते तिथे मुंग्यांची रांग लागली आहे. रांग कशी, तर शहाद्याच्या कचेरीतल्या रांगेपेक्षा शिस्तीची.

धनुबाईला मुलगे दोन. थोरला गिरधर नांगर धरायचा, धाकटा चुडामण चौथी शिकला होता, त्यामुळे घरात विचार करण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याने परसात जाऊन मुंग्या पाहिल्या, घरात येऊन आईकडे पाहिलं आणि निकाल दिला.

‘माय गळी ऱ्हायनी.’

‘गळी ऱ्हायनी म्हंजे?’ गिरधर म्हणाला.

‘तिन्ह्या आंगमाधली साखर बाहेर जाई ऱ्हायनी. गळकी घागर शे ती. गळकी घागर आपन कशी वापरतस? वरतीन भरत ऱ्हातस, आनि हालवत नही.’

या बोलण्यात कुणालाच काही चूक दिसली नाही. मलाही दिसली नसती.

दुसऱ्या दिवसापासून धनुबाईला वरून भरायला सुरुवात झाली. सकाळी गुळाचा शिरा, दुपारी लाडू, उसाच्या दिवसांत रसाचा तांब्या. आणि सांडू नये म्हणून तिला ओसरीवरच्या खाटेवर ठेवलं. तिने उठायला पाय खाली घेतला की गिरधर शेतातून ओरडायचा, ‘माय, हालू नको, सांडशील!’ पाण्याचा तांब्या सून तोंडाशी धरायची. परसात नेताना दोघे मुलगे दोन बाजूंनी तिला असं धरायचे, की तिचे पाय जमिनीला नावापुरते लागायचे. गावाने फार कौतुक केलं. असे मुलगे मिळायला पुण्य लागतं, असं म्हणून दोन म्हातारे आपापल्या मुलांना हाताला धरून ती खाट दाखवायला घेऊन आले.

वर्ष-दीड वर्षात धनुबाईने दीड गाडी गूळ खाल्ला आणि वाळून गेली. दंडावर घट्ट बसणारा चांदीचा वेळा आधी कोपरावर आला, मग मनगटावर येऊन थांबला, कारण पुढे पंजा होता. मांड्यांना मांड्या म्हणायचं ते सवयीने. खाटेवरून उठायला आधी एक हात टेकावा लागायचा, मग दोन, मग गिरधर, मग गिरधर आणि चुडामण. आवाज तेवढा शाबूत राहिला. मधल्या आखाजीला तिच्या जागी आम्ही गुलाबबाई नावाची एक तगडी बाई उभी केली. तिने पहिली शिवी दिली आणि लगेच माफी मागितली. आम्ही हरलो. त्या वर्षी टेंभेखेडीच्या बायकांनी वांगी ज्या भावाने घेतली तो भाव सांगण्यासारखा नाही.

हे असंच चाललं असतं. पण पौषात एका सकाळी हातात नारळ घेऊन कौसाबाई स्वतः नदी ओलांडून धनुबाईला बघायला आली. आळीतल्या बायका हातातली कामं टाकून ओसरीभोवती जमल्या. एवढ्या जवळून त्या दोघींना कुणी कधी पाहिलं नव्हतं. आता काय शिवी पडते म्हणून सगळ्यांनी कान टवकारले.

कौसाबाई खाटेवर टेकली. तिने धनुबाईच्या मांडीवर हात ठेवला आणि भाजल्यासारखा उचलला. मग तिचे डोळे भरून आले.

‘धनु, बहिनी,’ ती म्हणाली, ‘जप वं माय. आखाजीनं काय, येस नि जास.’

तिने आजवर धनुबाईला बहीण म्हटलं नव्हतं. म्हशीची बहीण म्हटलं होतं. धनुबाई तिला हाकलायला म्हणून उठू लागली. दोन्ही हात टेकले, मान पुढे काढली, दात आवळले. तिच्यातलं काहीच उठलं नाही. हे कौसाबाईने पाहिलं, पदराने डोळे पुसले, नारळ ठेवला आणि गेली. जाताना हळूच गेली, हे तर धनुबाईला फारच लागलं.

तिने नारळ हाताने दूर सारला. मग म्हणाली, ‘गाडी जुपा. नंदुरबारले डाकदरकडे चला.’

‘काय दुखस, माय?’ गिरधर धावला.

‘ती रडी गयी,’ धनुबाई म्हणाली. ‘आखाजीले मी तिन्ह्या म्होरे उभी ऱ्हासू. नही ऱ्हायनू त तो नारळ मन्ह्या तेराव्याले फोडा.’

आखाजीला साडेतीन महिने उरले होते.

प्रकाशा गावाजवळ तापी उतरून गाडी नंदुरबारला पोचली. डॉक्टर तरुण होते आणि चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांना झोप मिळत नसावी. त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात धनुबाईच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल. चुडामणला रंग आवडला.

‘रोज काय खातात?’ डॉक्टरांनी विचारलं.

चुडामणने शिऱ्यापासून रसापर्यंत सगळं अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

‘आणि काम काय करतात?’

‘काहीच नही,’ गिरधर छाती काढून म्हणाला. ‘दीड वरीस व्हयनं, आम्ही तिन्हा पाय जमिनीले लागू देल नही.’

‘तुमचं आईवर फार प्रेम आहे.’

‘हाव साहेब.’

‘थोडं कमी करा.’

मग चुडामणने त्यांना गळक्या घागरीचं गणित समजावून सांगितलं. डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, याबद्दल त्यांचं नाव आमच्याकडे आजही आदराने घेतात. ऐकून झाल्यावर ते धनुबाईकडे वळले आणि मुलांशी बोललेच नाहीत.

‘आजी, तुमच्यात साखर कमी नाही, फार आहे. रक्तात नुसती भटकते आहे. या रोगात अंगातलं मांस तिला आत घेत नाही. दारात अन्न आणि घरात उपास. मग उपाशी मांस झिजतं. त्यात वय झालं, आणि त्यात तुम्ही दीड वर्ष खाटेवर. जे मांस काम करत नाही त्याला शरीर पोसत नाही, आजी. ते त्याला मोडीत काढतं. तुमचे पाय रोगाने थोडे खाल्ले आणि खाटेने जास्त.’

‘परत येतीन?’ धनुबाईने विचारलं. पाय कुठे गावाला गेले असावेत, तसं.

‘सगळे नाही येणार. पण पुष्कळ येतील. काम करणारं मांस साखर आत ओढतं, म्हणजे एका कामात दोन कामं.’

‘सुई शे म्हनतस, साहेब,’ चुडामण मध्येच म्हणाला.

‘आहे. मुंबईहून येते, थंड ठेवावी लागते. गावात बर्फ मिळतो?’

चुडामणने प्रामाणिकपणे विचार केला. ‘गारा पडतस. कधी कधी. चैतमा.’

‘मग आधी सुईशिवाय बघू,’ डॉक्टर म्हणाले. गूळ बंद, साखर बंद, ऊस बंद. भाकरी अर्धी, कुळीथ-उडदाची डाळ दुप्पट, अंडं चालत असेल तर अंडं. पायांना जखम होऊ द्यायची नाही, या रोगात ती भरता भरत नाही, तेव्हा घराबाहेर वहाणा घालायच्या. आणि खाटेवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. ‘आज किती वेळा जमतं?’

‘एकदाबी नही.’

‘मग पुढच्या आठवड्यात एकदा,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण आजी, एवढी घाई कशाची?’

धनुबाईने त्यांना आखाजीचं सांगितलं. डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी कागदाच्या शेवटी लिहिलं, ‘शिव्या द्यायला हरकत नाही.’

घरी आल्यावर खरं डोकं चाललं ते शांतीबाईचं. ती म्हणाली, माणूस खालून उठू शकत नसेल तर त्याला वर बसवा. तिने खाटेच्या चारही पायांखाली चार-चार विटा लावल्या. खाट एवढी उंच झाली की धनुबाईचे पाय लोंबकळू लागले, आणि त्या उंचीवरून ती घसरली तरी उभीच राहत होती. हे पहिलं उठणं. मुलं म्हणाली, ही फसवणूक आहे. धनुबाई म्हणाली, ‘तुम्ही चाली लागा.’ दर आठवड्याला प्रत्येक पायाखालची एक वीट काढायची असं ठरलं.

पण नुसत्या उठबशा काढायला तिला लाज वाटायची. एवढी मोठी बाई, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. तेव्हा तिने हुकूम सोडला की दर उठण्याला ती एक शिवी देणार. शिवी उभ्यानेच द्यायची हा नियमच आहे, म्हणजे शिवी द्यायची तर उठावं लागेल. आता शिवीला समोर कुणी हवं. शांतीबाई उभी राहिली.

‘आनि तू जबाब दे,’ सासू म्हणाली. ‘कौसी काय मुकी शे?’

घाबरत घाबरत शांतीबाई म्हणाली, ‘आत्याबाई, तुम्ही... तुम्ही जराशा वाईट शेतस.’

‘ही शिवी? हाई त सोयरीक व्हयनी!’

पहिल्या आठवड्यात शांतीबाई अशीच होती. दुसऱ्या आठवड्यात तिला सोळा वर्षांच्या संसारातल्या एकेक गोष्टी आठवू लागल्या. ‘तुम्ही मन्हा माहेरना लाडू मोजी खावाडात, तुन्ह्या लाडूले बुरशी येवो!’ माघ संपेपर्यंत ती अशी तयार झाली, की सकाळच्या भाकरी करून आळीतल्या सगळ्या सुना ऐकायला येऊन बसू लागल्या. काही जणींनी आपापल्या सासूलाही हा साखरेचा रोग झाला आहे का, याची मनापासून चौकशी केली.

आणि धनुबाई उठत होती. हे मी हसत सांगतो, पण पाहताना हसू यायचं नाही. पहिल्या दिवशी दोन. तिसऱ्यांदा उठताना पाय असे कापले की शांतीबाईने धरायला हात पुढे केला, तो तिने झटकला. मांड्यांत गोळे यायचे, घाम फुटायचा, गुळासाठी जीव टाकायची. एकदा देवापुढचा प्रसादाचा खडा तिने हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत देवाला दिला. देवाने तो ठेवून घेतला. तिसरी वीट निघाली तेव्हा ती दिवसाला वीस वेळा उठत होती. एकदा तोल जाऊन पडली, गुडघा सुजला, चार दिवस गेले. पाचव्या दिवशी परत दोनपासून. शिमग्याला ती काठीशिवाय मारुतीच्या पारापर्यंत गेली. पुढच्या महिन्यात कमरेवर अर्धी कळशी घेऊन विहिरीवरून आली. मध्ये नंदुरबारला जाऊन निळं पाणी परत उकळून झालं, ते या वेळी पिवळट हिरव्यावर थांबलं. निळं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, रोग जाणार नाही, पण आता तो तुमच्या मागे चालतो आहे, पुढे नाही.

चांदीचा वेळा मनगटावरून कोपराच्या वर गेला. दंडापर्यंत काही गेला नाही.

आखाजी आली. धनुबाई घरापासून नदीपर्यंत अर्धा मैल पायी गेली, पायात चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेल्या जाड वहाणा. आमच्याकडे बायका तेव्हा वहाणा घालत नसत. पलीकडे कौसाबाई उभी होती. धनुबाईला येताना पाहून तिने तोंडात पदर घातला, पण रेघ मारली गेली होती, तिला बोलणं भाग होतं.

‘कोना नवराना जोडा चोरी लयनी वं, डोकरी?’

‘तुन्हाच नवराना शे,’ धनुबाई म्हणाली. ‘त्यानी सोताच दिन्हा. म्हने, मन्ह्या बायकोले जराशी वाट दाखाड, मन्ही हिंमत व्हत नही.’

काठावर निंबाखाली बसलेले आमचे पुरुष टाळ्या वाजवून मोकळे झाले. त्यात सावळखेडीचेही दोघे होते.

तासभर असं चाललं. वाळू तापलेली, वारा नाही. शिव्यांत धनुबाई कुठे कमी पडली नाही. पण हळूहळू सगळ्यांना दिसू लागलं की वारा नसताना तिचं लुगडं हलतं आहे. गुडघ्यापासून खाली पाय थरथरत होते. तिचं उठणं तयार झालं होतं, बसणं तयार झालं होतं, चालणं झालं होतं. नुसतं एका जागी उभं राहणं, तेही तासभर, याचा विचारच कुणी केला नव्हता. एवढी तयारी, आणि मुख्य गोष्ट राहून गेलेली. हे फक्त आमच्याच गावात होऊ शकतं.

कौसाबाईने ते पाहिलं. ती थांबली. आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘बठ वं धनु. कोनी काही म्हननार नही. बठ, बहिनी.’

परत बहीण.

धनुबाईने खाली वाळूकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, बसते. शांतीबाईने डोळे मिटले. आणि धनुबाईने पाऊल उचललं आणि रेघेच्या पलीकडे टाकलं.

असं आजवर कुणी केलं नव्हतं. करू नये असाही नियम नव्हता, कारण कुणाला सुचलं नव्हतं. उभं राहता येत नसेल तर चालावं, चालताना पाय कमी कापतात, हे तिला तिच्या पायांनी शिकवलं होतं. ती एक पाऊल टाके आणि एक शिवी देई. कौसाबाई मागे सरकली. पाठ फिरवली तर हार, म्हणून उलटीच चालू लागली. तिच्यामागच्या ऐंशी बायकाही ती आपल्या अंगावर येऊ नये म्हणून उलट्या चालू लागल्या. आमच्या बायका धनुबाईच्या मागे, त्यांच्या मागे काठावरचे पुरुष. वाळू संपली, काठ चढला, काठावर एक म्हैस आडवी उभी होती, ती हे सगळं बघून बाजूला झाली. सावळखेडीची वेस आली, देऊळ गेलं. ‘तुन्ह्या पोटना आंडोर कीर्तनकार व्हवो!’ धनुबाई तिच्या मुलावर घसरत म्हणाली. ‘नि तुन्ह्याच घर रोज कीर्तन व्हवो!’ कौसाबाईही उलट चालत शिव्या देत होती, कमी पडत नव्हती, पण डोक्याच्या मागे डोळे नव्हते. तिच्याच घराच्या ओसरीची पायरी तिच्या टाचेला लागली आणि ती धपकन ओसरीवर बसली.

कौसाबाई बसलेली, धनुबाई उभी. दोघींना धाप लागलेली.

‘आते त बठ,’ कौसाबाई म्हणाली आणि शेजारची जागा पदराने झाडली.

‘नही. तुन्ही ओसरी ठेंगनी शे. बठनू त माले उठाडाले तुन्हा दोन्ही आंडोर लागतीन.’

कौसाबाईने तिच्याकडे वरपासून वहाणांपर्यंत पाहिलं. मग कपाळावर हात मारून ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असेल, ‘मरनी नही आजून, सटवी! आखाजीनी सटवी! येत्या सालले तुन्ही जीभच उपटी लेसू!’

धनुबाईचा चेहरा कसा उजळला ते मी सांगू शकणार नाही. मुंडावळ्या बांधल्यासारखी दिसत होती.

‘ये, उपटाले ये,’ ती म्हणाली. ‘नही ऊनी त तुन्ह्या लोनचाले बुरशी.’

कौसाबाई उठून स्वतः पाणी घेऊन आली. धनुबाई ते उभ्यानेच प्यायली. हरलेली म्होरकी लगेच उठली, म्हणजे हार कच्ची झाली का, यावर दोन्ही गावच्या पुरुषांत तिथेच वाद सुरू झाला. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. बायकांनी तो वाद ऐकलाच नाही, त्या बाजारात वांगी काय भावाने मागायची याचं बोलत होत्या.

गिरधर मागच्या वाटेने गाडी घेऊन आला होता. ‘माय, आते त बठ,’ तो अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला. ती त्याच्याकडे बघून हसली आणि चालू लागली. गाडी रिकामी आली होती तशी रिकामीच परत निघाली, बैलांना त्यात काही वाटलं नाही. नदीत वाळूत चढ-उतार आहे, तिथे धनुबाईने मागून गाडीला आधारासाठी एक हात लावला होता. ते आपण पाहिलं नाही, असं गावाने ठरवलं.